आमची गिरिस्थानवर्णने

मे महिना जवळ आला, की गिरगाव-दादरकडील सुशिक्षित घरांत आंब्याच्या पेटीइतकीच 'यंदा कोठे जावयाचे' या प्रश्नाची चर्चा होऊ लागते. नाताळच्या सुटीपूर्वी तीच पुन्हा एकदा होते. उत्तर बहुधा ठरलेले असते: माथेरान, नाही तर महाबळेश्वर, हात थोडा सैल असेल तर सिमला किंवा काश्मीर. परतल्यावर घरात ज्यास लेखणीचा नाद असेल तो आपला प्रवास लिहून काढतो, आणि मासिके, पुरवण्या व दिवाळी अंक त्यास आनंदाने जागा देतात. असे लेख मराठीत वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांची पारख मात्र सहसा कोणी करीत नाही. ती करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या लेखांचा साचा वाचकांस परिचित आहे. दादरहून कर्जतची लोकल, नेरळास उतरून ती चिमुकली गाडी, तिची वळणे, माकडे, लाल माती. पहाटे पॅनोरमावर सूर्योदय, सायंकाळी सूर्यास्त, आणि शेवटी चिक्की व चपला घेऊन परत. महाबळेश्वर असेल तर आर्थर सीटचा वारा, स्ट्रॉबेरी, वेण्णा तलावातील नाव, आणि थंडीत गेले असल्यास तलावाकाठी गोठलेले दव. या पुनरुक्तीबद्दल आमची तक्रार नाही. डोंगर दरवर्षी तोच असतो, आणि दोन खोल्यांतून बाहेर पडलेल्या माणसास थंड वाऱ्याची पहिली झुळूक लागल्यावर जो हर्ष होतो तो खोटा नव्हे. दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी: लेखक कोठे उभा राहून पाहतो, यात.

तो 'पॉइंट'वर उभा असतो. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की तो कोणाच्या डोळ्यांनी घडविला याचा आपणांस विसर पडला. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना महाबळेश्वरास इंग्रजांचे गिरिस्थान वसले; १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान शोधून काढले, असे म्हणावयाची रीत आहे. उकाड्याने त्रासलेल्या या परक्या अधिकाऱ्यांस दरीच्या कडेवर उभे राहण्याजोग्या जागा हव्या होत्या, आणि त्या जागांस त्यांनी आपल्या मंडळींची नावे दिली. सिंडोल्याचा 'विल्सन पॉइंट' झाला. दरीतील मनुष्याशी त्यांचा संबंध सरकारी कामापुरताच, म्हणून कठड्यावरून दिसेल तेवढेच त्यांनी पाहिले. आश्चर्य त्यांचे नव्हे, आमचे आहे. नावांबरोबर त्यांची दृष्टीही आम्ही उचलली. 'खाली खोल दरी पसरली होती' असे आमचा लेखक लिहितो. त्या दरीत गाव कोणते, धूर कोणाच्या चुलीचा, हे त्यास विचारावेसेही वाटत नाही.

एक उदाहरण पुरे आहे. माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे मोटारीस बंदी, तेथे धूर नाही, कर्णा नाही, केवळ शांतता, हे वाक्य आम्ही किती लेखांत वाचले याची गणती नाही. परंतु मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते घोड्याच्या पाठीवर, हमालाच्या डोक्यावर, आणि वृद्ध किंवा थकलेला पाहुणा असेल तर हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या खांद्यांवर जाते. ही रिक्षा लेखांत आलीच तर गंमत म्हणून आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. न्यायालयास जे दिसले ते इतक्या रसिक लेखण्यांस का दिसू नये?

याचे कारण आमच्या मुंबईतच सापडेल. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांनी पिढ्यानपिढ्या काम केले त्यांतील कित्येक याच सह्याद्रीच्या कुशीतून, साताऱ्याच्या खोऱ्यांतून आणि कोकणपट्टीतून आले होते. तेही सुटीत डोंगराकडेच जात. परंतु 'हवा' खाण्यास नव्हे, गावी. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि कित्येकांस कायमचेच त्या वाटेने परतावे लागले. दादरचा कारकून आणि लालबागचा कामगार एकाच घाटाने जात. पण एकाने त्यावर लेख लिहिला, दुसऱ्यास शहराने 'घाटी' हे नाव दिले. ज्या घाटाचे सौंदर्य पाहण्यास आपण पैसे मोजतो, त्याच घाटावरून आलेल्या माणसास हिणविण्यासाठी त्याच घाटाचे नाव वापरावे, ही विसंगती ज्या भाषेस बोचली नाही तिच्या डोंगरवर्णनांत माणूस कसा यावा?

कोणी म्हणेल, सुटीचे हलके लेखन. त्यावर हा भार कशास? आम्ही व्याख्यान मागत नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' पाहावा. चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ साली, म्हणजे माथेरानची गाडी सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. आपण का निघालो हे तो लपवीत नाही. कोणी जेवू घातले, काय मिळाले, काय लुटले गेले, हेही सांगतो. त्यात उपदेश नाही आणि सृष्टिवर्णनाची आरासही नाही. तरी तो मुलूख माणसांसह डोळ्यांपुढे उभा राहतो, कारण वाटेत भेटलेल्या माणसांवाचून त्याचे चालण्यासारखे नव्हते.

आमच्या लेखकाचेही त्यांच्यावाचून चालत नाही. फरक इतकाच, की तो ते लिहीत नाही. त्याची ट्रंक कोणी उचलली, स्ट्रॉबेरी कोणी खुडली, सकाळचे ऊन पाणी कोणी तापविले, हे सारे त्याच्या प्रवासातच घडलेले असते. येत्या सुटीत त्याने सूर्यास्त अवश्य पाहावा. मात्र दिवे लागले म्हणजे दरीत जेथे पहिला दिवा दिसेल त्या गावाचे नाव शेजारी उभ्या असलेल्या घोडेवाल्यास विचारावे, आणि ते आपल्या लेखात लिहावे. एवढीच आमची त्यास विनंती आहे.