भावनिक बुद्धिमत्ता: मोजायची कशी?

‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवा, स्वतःशी नातं सुधारा’ हा सल्ला पीएचडीच्या तयारीत तुम्ही ऐकला असेलच. तो ऐकून बरेचजण डॅनियल गोलमन यांचं 1995 चं पुस्तक हातात घेतात. पुस्तक वाचनीय आहे, त्यात वाद नाही. पण 1990 मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी शोधनिबंधात मांडली ती एक मर्यादित क्षमता होती: आपल्या आणि दुसऱ्यांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक करणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं. गोलमन यांनी त्यात चिकाटी, प्रेरणा, आशावाद सगळंच भरलं. मग मोजायचं नेमकं काय?

खरी गोची इथेच आहे. ‘मला माझ्या भावना चटकन कळतात’ अशा धाटणीच्या विधानांवर सहमत-असहमत विचारणाऱ्या प्रश्नावल्या ढिगाने आहेत. पण ज्याला कळतच नाहीत, तो हे उत्तर कशाच्या जोरावर देणार? मेयर-सॅलोव्ही यांची चाचणी चेहरे दाखवून भावना ओळखायला लावते. हे बरं, पण तिथेही ‘बरोबर’ उत्तर बहुमताने किंवा तज्ज्ञांच्या मताने ठरतं!

तरी जुनी, अरुंद व्याख्याच मला जास्त कामाची वाटते. गाईडने मसुदा लाल करून परत दिला की ‘मी ढ आहे’ असं आपण म्हणतो. ही भावना नाहीये, निष्कर्ष आहे. भावना म्हणजे लाज, भीती, कदाचित नुसता थकवा. आणि थकव्यावर उपाय झोप आहे, विषय बदलणं नाही.