थेट प्रक्षेपणाची किल्ली

लोकसभेसाठी माढा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. त्या निवडणुकीत किमान निम्म्या मतदान केंद्रांतून थेट चित्रण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवावे, असे निवडणूक आयोगाचे धोरण होते. माढ्यात काय किंवा अन्यत्र काय, मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळेची वर्गखोली आणि तेथील कर्मचारी बहुधा शिक्षक. तेव्हा हा प्रकार वाचकांपैकी अनेकांनी जवळून पाहिला असेल. या चित्रणाबाबत दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. मत नोंदवण्याची जागा कॅमेऱ्यात यायची नाही, आणि चित्र पाहायचे ते नेमलेल्या अधिकाऱ्यांनीच. या धोरणावर वाद आहेत. पण ‘कुणी पाहावे?’ हा प्रश्न तेथे निदान विचारला तरी गेला आहे.

बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने राज्य शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. स्नेहसंमेलन यूट्यूबवर थेट दाखवण्याची हौस तर त्याआधीपासूनची. या दोन्ही ठिकाणी तो प्रश्न सहसा विचारला जात नाही, अशी आमची तक्रार आहे. विक्रेता येतो, जोडणी करतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि तो कागद कार्यालयाच्या भिंतीवर चिकटतो.

प्रथम प्रक्षेपण करणाऱ्याची बाजू पाहू. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणासाठी फोन क्रमांकाची पडताळणी लागते आणि पहिल्या वेळी परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. (कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जागे होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) मग ‘स्ट्रीम की’ मिळते: अक्षरे व अंक यांची, चार-चारच्या पाच गटांची माळ. ती ओबीएससारख्या प्रणालीत भरली की चित्र वाहिनीवर जाऊ लागते. की घेऊन आलेला माणूस कोण, हे विचारले जात नाही. सिनेमाच्या तिकिटासारखेच हे. ज्याच्या हाती तिकीट, तो आत.

छत्तीस चिन्हे आणि वीस जागा धरल्या तर शक्य माळांची संख्या ३६ चा विसावा घात, म्हणजे एकावर एकतीस शून्ये याहूनही मोठी होते. सेकंदाला एक अब्ज अंदाज बांधले तरी विश्वाचे आजवरचे वय पुरणार नाही. (लॉगॅरिथम शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.) तेव्हा अंदाजाने की सापडण्याची भीती नाही. ती बाहेर पडते ती प्रशिक्षणात पडद्यावर उघडी राहून, किंवा ‘सर, हे बरोबर आहे का?’ म्हणून व्हॉट्सअॅपवर धाडलेल्या छायाचित्रातून. असे घडले तर ती रद्द करून नवी घेणे क्षणाचे काम असते. पण की बदलता येते हेच अनेकांना ठाऊक नसते. की पाठवण्याच्या आरटीएमपी या पद्धतीत, तिच्या साध्या रूपात, मजकूर कूटबद्ध होत नाही. की पोस्टकार्डावर लिहून पाठवावी तसे ते आहे. आरटीएमपीएस हे रूप निवडले म्हणजे ती पाकिटात जाते.

आणि की सांभाळूनही खाते गेले तर सारेच गेले. २० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर, जेथे घटनापीठाच्या सुनावण्या दिसत, तेथे एका आभासी चलनाच्या चित्रफिती झळकल्या होत्या.

पाहणाऱ्याची बाजू याहून दुबळी आहे. ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी, असा समज शाळांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. अनलिस्टेड चित्रफीत शोधात येत नाही इतकेच. दुवा ज्याच्याकडे जाईल त्याला ती दिसते, आणि पालकांच्या गटातला दुवा कुठवर जाईल याला मर्यादा नाही. कॅमेऱ्यांचे तर विचारूच नये. २०१६ साली ‘मिराय’ या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली, ती कारखान्यातून आलेल्या साठ-एक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांची चित्रणे विकली जात असल्याचे उघड झाले, आणि त्या प्रकरणी लातूर व सांगलीपर्यंत अटका झाल्या. मुलींच्या शाळेत कॅमेरा बसवणाऱ्याने हे प्रकरण वाचलेच पाहिजे.

विक्रेत्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कॅमेरे पाहण्याची परवानगी प्रत्येकाला स्वतंत्र द्यावी, वाहिनीवरही इतरांना पासवर्ड न देता ‘मॅनेजर’ वा ‘एडिटर’ म्हणून जोडावे: हे सारे फुकट होते. अडचण वेगळीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक बदलले की कार्यभार देताना जडवस्तू संग्रह नोंदवही, कपाटांच्या किल्ल्या, शिक्के सारे मोजून घेतले जाते. वाहिनीचे खाते मात्र कुण्या हौशी शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर असते. त्यांची बदली माढ्याहून सांगोल्याला झाली, तर पडताळणीचा ओटीपी सांगोल्यातच वाजणार. कार्यभाराच्या यादीत या खात्यासाठी आणि कॅमेऱ्याच्या पासवर्डासाठी एक-एक ओळ वाढवायला शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.