गोतावळा आणि छावणी : दुष्काळाच्या कादंबरीचे पुनर्वाचन

मराठी ग्रामीण कादंबरीतील जनावरांविषयी समीक्षेने आजवर लिहिले नाही असे नाही. परंतु जे लिहिले ते बहुधा दोन शब्दांच्या आश्रयाने. पहिला शब्द ‘जिव्हाळा’ आणि दुसरा ‘प्रतीक’. शेतकऱ्याचे बैलावर प्रेम असते, हे पहिल्या शब्दाने सांगितले जाते. आणि बैलाचे मरण हे शेतकऱ्याच्याच मरणाचे सूचन होय, असे दुसऱ्याने. दोन्ही वाचनांत जनावर संहितेत असते ते माणसासाठी. ते स्वतः कथानकाची दिशा ठरवीत असेल, ही शक्यता सहसा विचारात घेतली जात नाही. हवामान बदलाच्या आजच्या काळात ही उणीव केवळ वाङ्मयीन राहिलेली नाही. दुष्काळात मदत कोणाला द्यायची, कोणत्या हिशेबाने द्यायची, या सामाजिक कार्याच्या प्रश्नाशी ती येऊन भिडते. प्रस्तुत लेखात व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१) या दोन कादंबऱ्या या दृष्टीने पुन्हा वाचावयाच्या आहेत.

‘बनगरवाडी’ची रूढ ओळख अशी : औंध संस्थानातील एका धनगरवाडीत तरुण मास्तर येतो, हळूहळू गावचा होतो, गावाच्या श्रमातून तालीम उभारतो आणि अखेर दुष्काळाने गाव उठून गेल्यावर परत फिरतो. या वाचनात मास्तर हा कादंबरीचा केंद्रबिंदू ठरतो. शाळा आणि तालीम ही त्याच्या कार्याची फळे ठरतात आणि दुष्काळ हा बाहेरून आलेला आघात ठरतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील ध्येयवादाशी हे वाचन जुळणारे असल्याने ते दीर्घकाळ टिकले.

परंतु कादंबरीची अंतर्गत रचना निराळे काही सांगते. शाळेत मुले किती येणार, हे मेंढरे कोठे चरतात यावर अवलंबून असते. गावाचा दिवस मेंढरांच्या चालीने चालतो. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, गावाला प्रतिष्ठा लाभते. तरीही पाऊस फिरकत नाही आणि मेंढरे मरू लागतात तेव्हा ती पक्की इमारत गावाला धरून ठेवू शकत नाही. गाव ज्याच्या आधारावर उभे होते ते मेंढरांचे खांड होते, हे वाचकाला शेवटी उमगते. माडगूळकरांनी मास्तराच्या कार्याचा उपहास केलेला नाही. त्यांनी त्या कार्याची मर्यादा दाखविली आहे, आणि ती अशी की, माणसांपुरते आखलेले समाजकार्य माणसांनाही पुरे पडत नाही.

शेकूचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याला औतासाठी दुसरा बैल मिळत नाही आणि त्याची बायको जुवाखाली खांदा देते. दारिद्र्याचे हृदयद्रावक चित्र म्हणून हा प्रसंग वाचला जातो. तो तसा आहेच. पण तो आणखीही एक गोष्ट सांगतो. या घरात माणसाचे श्रम आणि जनावराचे श्रम असे दोन वेगळे कप्पे नाहीत. एक उणा पडला की दुसऱ्याला त्याची जागा घ्यावी लागते. आणि ही जागा घेण्याची पाळी कोणावर येते, तर घरातील स्त्रीवर. माणूस-जनावर नात्याचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेने ही बाजू सहसा उच्चारलेली नाही.

‘गोतावळा’त हा प्रश्न अधिक टोकदार होतो. निवेदक नारबा हा सालगडी आहे. त्याला स्वतःचे घरदार नाही. मालकाच्या मळ्यातील जनावरे हीच त्याची माणसे. कादंबरीचे शीर्षकच नातेवाइकांचा समूह दर्शविणारे आहे आणि यादवांनी ते उपरोधाने वापरलेले नाही. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरे विकली जातात आणि नारबाचा गोतावळा विखुरतो. येथे आपत्ती दुष्काळाची नाही, यंत्राची आहे. परंतु तिचे स्वरूप ‘बनगरवाडी’तील आपत्तीहून फार भिन्न नाही. जनावर गेले की माणसाचे तेथे असण्याचे कारणच संपते. मात्र एक भेद मूलगामी आहे. बनगरवाडीचा धनगर मेंढरांचा धनी आहे. नारबा कशाचाही धनी नाही. त्याचा संबंध मालकीवाचूनचा आहे. म्हणून जनावरे विकताना त्याला विचारावे, असे कोणाला वाटत नाही.

आता या दोन संहितांसमोर आपल्या काळातील एक संस्था ठेवून पाहू : चारा छावणी. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात शासनाच्या अनुदानाने आणि स्वयंसेवी संस्थांच्या पुढाकाराने अशा छावण्या चालल्या. माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चालविलेली छावणी त्यांपैकी एक. म्हसवड आणि माडगूळकरांचे माडगूळ हे एकाच माणदेशातले. म्हणजे कादंबरीच्या भूमीतच ही संस्था उभी राहिली होती. छावणीत प्रवेश जनावराला मिळतो. माणूस त्याच्या सोबतीला येऊन राहतो. कुटुंबातील कोणी ना कोणी महिनोन् महिने तेथेच जेवतो, झोपतो. तालमीने जे साधले नाही ते छावणीने काही अंशी साधले, असे म्हणता येईल. कारण जनावर तगले तर घर तगते, हे सूत्र तिने मान्य केले. समाजकार्याच्या विचारातील हे महत्त्वाचे वळण आहे.

तथापि प्रशासनाची स्वतःची एक भाषा असते. २०१९ च्या छावण्यांत मोठ्या जनावरास दररोज १५ किलो आणि लहान जनावरास साडेसात किलो हिरवा चारा असे प्रमाण होते. पुढे ते १८ व ९ किलो करण्यात आले. सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या पाचच जनावरांना प्रवेश होता. मोजमापाशिवाय मदतकार्य चालत नाही, हे खरे. पण या मापात ‘लहान जनावर’ म्हणजे प्रामुख्याने वासरू-रेडकू, मेंढरू नव्हे. छावणीची मूळ कल्पना गाय-बैल-म्हैस राखणाऱ्या खातेदाराभोवती रचलेली. म्हणजे बनगरवाडीचे खांड तिच्या दारात आले असते, तर त्याला सहजी जागा मिळाली नसती. आणि नारबा? नोंदवहीत नाव मालकाचे लागते. जनावराचा सर्वांत निकटचा सोबती तेथे कोणत्याही रकान्यात बसत नाही. छावणीच्या कल्पनेतील या दोन रिकाम्या जागा मराठी कादंबरीने कित्येक दशके आधी दाखवून ठेवल्या होत्या. साहित्य समाजकार्याला काय देऊ शकते, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. साहित्य करुणा जागवते, एवढेच म्हणणे अपुरे आहे. गणनेतून कोण सुटले, हेही ते दाखवते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ‘बनगरवाडी’तील दुष्काळ हा पर्जन्यछायेच्या प्रदेशातील जुना दुष्काळ आहे, त्याला हवामान बदलाची कथा म्हणणे कालविपर्यास ठरेल. आक्षेप रास्त आहे, आणि नेमक्या याच भेदात आजच्या वाचनाचे प्रयोजन दडलेले आहे. माणदेशाच्या परंपरेत दुष्काळ हे एक चक्र होते. मेंढरे घेऊन जगायला जाणे आणि पाऊस पडला की परतणे, हे धनगरी जीवनाचे अंगभूत वळण होते. गाव सोडणे म्हणजे गाव संपणे नव्हे, अशी एक श्रद्धा या चक्राच्या तळाशी असते. हवामान बदल ही श्रद्धाच डळमळीत करतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दाखविले आहे. २०१९ या एकाच वर्षी सांगली जिल्ह्याने पूर्वेकडे चारा छावण्या पाहिल्या आणि ऑगस्टमध्ये कृष्णेकाठी महापूर पाहिला. एका घटनेवरून हवामानाविषयी सिद्धांत मांडता येत नाही. पण ज्या अनुभवाला ‘चक्र’ म्हणत आलो त्याला आता तो शब्द पुरत नाही, एवढे खचित.

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) मध्ये आधुनिक वास्तववादी कादंबरीवर आक्षेप घेतला आहे की, संभाव्यतेच्या चौकटीत वावरताना तिने मानवेतर सृष्टीला पार्श्वभूमीत ढकलले. भारतीय भाषांतील काही लेखकांचा अपवाद त्यांनीही नोंदविला आहे. मराठीपुरते पाहता हा आक्षेप कादंबरीपेक्षा समीक्षेला अधिक लागू पडतो. वानरांच्या टोळ्यांना कथानकाचे कर्तेपण देणारी ‘सत्तांतर’ही माडगूळकरांनीच लिहिली. आपल्या लेखकांनी जनावराला पुढे आणले होते. आपण त्याला प्रतीक म्हणून पुन्हा मागे नेले.

याचा अर्थ जनावरांना देवत्व द्यावे, असा नाही. माडगूळकरांचा धनगर मेंढरू विकतो, कापतोही. हे नाते उपजीविकेचे आहे, आणि उपजीविकेचे असूनही ते आप्ताचे आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे ‘जिव्हाळा’ या शब्दात मावत नाही. ग्रामीण बोलीत त्यासाठी ‘जित्राब’ हा शब्द आहे. जिवंतपण आणि मालमत्ता यांत तो भेद करीत नाही. समीक्षेने या शब्दाचा अर्थ गांभीर्याने लावला, तर दुष्काळाच्या कादंबऱ्या वेगळ्या वाचल्या जातील. आणि पुढच्या छावणीची नोंदवही करावयास बसलेल्या कार्यकर्त्याने त्या वाचल्या असतील, तर कदाचित तिच्यात दोन रकाने वाढतील : एक मेंढरासाठी, दुसरा नारबासाठी.