पाणचक्कीचं पीठ कुठे गेलं?

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर लिहिताना सगळे पाण्यातच अडकतात. खापरी नळ, उंचावरून पडणारी धार, त्यावर फिरणारं जातं. 'इंजिनिअरिंगचा चमत्कार' म्हटलं की झालं! काहीजण तर श्रेय मलिक अंबरलाच देऊन टाकतात. तो वारला १६२६ मध्ये. चक्की ज्यांच्या खानकाहची, ते बाबा शाह मुसाफिर गेले १७१४ मध्ये. निदान तारखा तरी बघा.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. पीठ कुणासाठी? खानकाहमधल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी. म्हणजे चक्कीमागे एक स्वयंपाकघर होतं. सायमन डिग्बी यांनी या खानकाहच्या फारसी मल्फुजातचा इंग्रजी अनुवाद केलाय (२००१). मध्य आशियातून दख्खनेत आलेले दरवेश आणि सैनिक त्यात भेटतात. चक्की समजायला मला तो माहितीफलकापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. चमत्कारकथा भरपूर आहेत, पण त्या गाळून वाचू नका. कोण आलं, कुणी काय दिलं, हे त्यांतच सापडतं.

उद्या मानखुर्दच्या पिठाच्या गिरणीवर प्रबंध लिहायचा झाला, तर नुसती मोटर मोजाल का? डबे कुणाचे, दळणावळ किती, गिरणीवाला राहतो कुठे, हे विचारालच ना? मग पाणचक्कीवर दळायला कोण बसायचा, त्याचं घर कुठे होतं, हे विचारायला काय हरकत आहे?