पत्ता नसलेलं पत्र

‘सलाम बॉम्बे’ पुन्हा पाहाल तेव्हा पत्राच्या प्रसंगापाशी जरा थांबा. सर्कशीच्या मालकाने कामाला धाडलं, परत येईपर्यंत सर्कस तंबू गुंडाळून निघून गेली, आणि कृष्णा एकटाच मुंबईला आला. आता तो रस्त्यावरच्या पत्रलेखकासमोर बसलाय. पाचशे रुपये जमले की घरी येतो, एवढंच आईला कळवायचं आहे. तो सांगतो, लेखक लिहितो. मग पत्ता विचारला जातो, आणि पोराला गावापलीकडे काही धड सांगताच येत नाही. कृष्णा निघून जातो. त्याची पाठ फिरल्यावर लेखक तो कागद चुरगळून टाकतो.

प्रसंग लहानसा, पण त्याची जागा बघा. पत्र गेलं नाही हे आपल्याला कळलंय, कृष्णाला नाही. इथून पुढे तो चहा पोचवतो, पैसे साठवतो, आणि प्रत्येक नाण्यामागे आपल्याला तो चुरगळलेला कागद दिसत राहतो. सूनी तारापोरवाला यांच्या पटकथेने एका ओळीचंही भाष्य न करता आपल्या हातात हे ओझं दिलंय. फार क्वचित दिसते अशी बांधणी.

पत्रलेखक आहे इरफान खान. हा त्याचा पहिला चित्रपट. खरं तर दिग्दर्शिका मीरा नायर यांनी त्याला सलीमच्या कामासाठी निवडलं होतं, मुलांच्या कार्यशाळेतही तो होता. पण रस्त्यावरच्या काटकुळ्या पोरांमध्ये त्याची उंची डोळ्यांत भरायची, म्हणून ते काम गेलं आणि हे एवढंसं उरलं. हे माहीत असलं की प्रसंगाला वेगळाच रंग चढतो. नाट्य विद्यालयात शिकलेला नट लेखणी धरून बसलाय आणि ज्याने नाटकाचं तोंड पाहिलेलं नाही तो मुलगा मजकूर सांगतोय. इरफान एकही भाव जास्तीचा खर्च करत नाही. सगळी जागा पोराला सोडतो. इतक्या कोवळ्या वयात इतकी समज!

ती कार्यशाळा हाच माझ्या मते या चित्रपटाचा खरा पाया. रस्त्यावरची मुलं गोळा केली, आणि दिल्लीत वर्षानुवर्षं नाटक शिकवणारे बॅरी जॉन त्यांच्याबरोबर बसले. पोरांना अभिनय म्हणजे काय ते ठाऊक होतंच, हिंदी सिनेमा त्यांना तोंडपाठ होता. हात पसरून संवाद फेकायचे, नायकासारखी मान उडवायची. म्हणजे पहिलं काम शिकवण्याचं नव्हतं, उतरवण्याचं होतं. शाळेने ज्यांना ‘तुला येत नाही’ एवढंच सांगितलेलं असतं, अशा मुलांना ‘हे नको, ते नको’ म्हणत राहिलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाहीत. उसनं ते जावं आणि मूल मात्र टिकावं, हा तोल साधणारा हात फार हळुवार असला पाहिजे.

त्या हाताचा ठसा पाहायचा तर घोळक्याचे प्रसंग पाहा. लग्नात वाढप्याचं काम मिळालेली पोरं, कोंबड्या सोलणारी पोरं. कुणी कुणासाठी थांबत नाही, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढतं, टवाळी अर्ध्यात सुरू होते आणि अर्ध्यातच विरते. प्रत्येकाने आपापली ओळ पाठ केली असती तर ही लय आली नसती. तालमीत याला ‘टायमिंग’ म्हणतात, पण इथे ते फुटपाथवर एकत्र झोपण्यातून आलंय. सॅंडी सिसेल यांचा कॅमेरा या घोळक्याच्या मध्ये शिरतो, वरून न्याहाळत नाही. म्हणूनच आपल्याला या मुलांची कीव करायला सवडच मिळत नाही.

आणि शेवट. गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत, जिच्याबरोबर तो पळत असतो त्या रेखाचा हात सुटलेला, कृष्णा एका पायरीवर एकटा, हातात भोवरा. कॅमेरा सावकाश त्याच्या चेहऱ्याकडे सरकत जातो. संवाद नाही. कृष्णा झालेला शफीक सय्यद हा मुलगा स्वतः बंगळुरूहून पळून मुंबईला आलेला. एवढा वेळ कॅमेऱ्याची नजर पेलणं भल्याभल्यांना जमत नाही. तो रडून दाखवत नाही, रडू येऊ देतो. ‘दाखवणं’ आणि ‘येऊ देणं’ यांतलं अंतर कार्यशाळेच्या खोलीत आठवडेच्या आठवडे घालवल्याशिवाय पडलं नसतं.

१९८८ मध्ये कान महोत्सवात ‘कॅमेरा दोर’ पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकन आलं, शफीकला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या मागोमाग सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि आजही रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतो आहे. शफीक मात्र बंगळुरूला परतला आणि रिक्षा चालवू लागला. हे वाक्य लिहिताना मला दर वेळी टोचतं. कॅमेरा बंद झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न असं काम करणाऱ्या प्रत्येकाने उशाशी घेऊन झोपावा असा आहे.

मी घेतो. बदलापूर पूर्वेला, कात्रपमधल्या एका खोलीत रविवारी सात-आठ मुलं येतात. आठवी-नववीत शाळा सुटलेली. दोघांनी बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, एक चहाच्या गाडीवर असतो, एक लग्नसराईत केटरिंगला जातो. मोबाइलवर शूटिंग करायला शिकतो आम्ही. त्यांना ‘सलाम बॉम्बे’मधले निवडक तुकडे दाखवले. पत्राचा प्रसंग संपल्यावर चहावाला म्हणाला, “सर, परत लावा ना. त्याने कागद कधी टाकला ते बघायचंय.” तीनदा लावला. “तो जाईपर्यंत थांबला,” तिसऱ्यांदा पाहून तो म्हणाला. त्या चुरगळण्यातली माणुसकी माझ्या इतक्या वर्षांच्या पाहण्यातून निसटली होती. कागद टाकायचाच होता, पण पोरासमोर नाही!

केटरिंगवाल्याने पुढच्या रविवारी स्वतःची क्लिप आणली, चाळीस सेकंदांची. लग्नाचा हॉल, मागे बँडचा गोंगाट, आणि चौकटीत फक्त हात. मेंदीचे हात, अंगठ्यांचे हात, गुलाबजाम उचलून परत ठेवणारा एक लहानगा हात. एकही चेहरा नाही. चौकट किंचित तिरकी. ती सरळ कर असं मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही. मोबाइल त्याने शर्टाच्या खिशात, भिंग जेमतेम बाहेर ठेवून अडकवला होता. दोन्ही हात ट्रेला लागतात. सव्विसाव्या सेकंदाला एक हात रिकामी वाटी ट्रेवर ठेवतो आणि निघताना ट्रेच्या कडेला दोन बोटं टेकवतो, ‘पुरे’ म्हणून. चित्र तिथे क्षणभर थबकतं. तो स्वतः थबकला होता.

“चेहरे का नाही घेतलेस?” मी विचारलं.

“ट्रे धरून उभं राहिलं ना सर, की एवढंच दिसतं.”