आमसुलाची चव

चांगलं आमसूल आधी बोटांना कळतं. दुमडलं तर मोडत नाही, दाबलं तर चिकटत नाही. उजेडासमोर धरलं की मधला जाड भाग काळाच राहतो आणि पातळ कडेला डाळिंबी लाली दिसते. मालवणच्या बाजारातून असं आमसूल आणावं आणि कालवणात टाकण्याआधी त्यातलं एक नुसतंच जिभेवर ठेवावं. पहिल्यांदा मीठ लागतं. ते विरलं की जिभेच्या कडांना आंबटपणा भिडतो. घाईने चावलं तर चव तिथेच संपते. जरा मुरू दिलं, तर आंबटामागून पिकल्या फळाचा दाट, गोडसर वास येतो आणि शेवटी हिरड्यांवर हलका तुरटपणा उरतो.

जगभरचे दर्दी डार्क चॉकलेट असंच चाखतात. व्हेनेझुएलातल्या चुआओ गावचा कोको, इक्वाडोरचा जुना नासिओनाल वाण, ही नावं ते आदराने घेतात. त्या पंगतीला आमसूल बसवावं, याला कारण आहे. कोकोच्या बिया स्वतःच्याच गरात काही दिवस आंबल्याशिवाय त्यांच्यात चॉकलेटची चव उतरत नाही. ज्याच्या सालीचं आमसूल होतं तो रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, हाही असाच स्वतःच्या रसात घडतो. उन्हाळ्यात फळं पिकली की ती फोडून बिया आणि गर काढतात, त्यात मीठ घालतात. सुटलेल्या रसात साल बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. पुटावर पूट चढत जातं तसा रंग गडद होतो आणि चवीला खोली येते. एखाददुसऱ्या पुटावर भागवलेलं आमसूल आंबट लागतं, पण मागे काही ठेवत नाही. पावसाच्या आत हे सगळं उरकायचं असतं, म्हणून चांगल्या आमसुलात मे महिन्याच्या उन्हाचाही वाटा असतो.

कोकमाचं चॉकलेटशी प्रत्यक्ष नातंही आहे. बियांपासून निघणारं घट्ट मुठेल आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत हे कोकमाचं तेल आहे. कोकोचं लोणी तोंडाच्या उबेने वितळतं, याला त्याहून थोडी जास्त उष्णता लागते.

आमसुलाचा खरा कस मात्र तिवळात, म्हणजे आमसुलाच्या नुसत्या पाण्यात, लागतो. सोलकढीत नारळाचं दूध आंबटपणाला कुशीत घेतं; तिवळात त्याला कुठेच आडोसा नसतो. कोमट पाण्यात आमसूल टाकलं की कडेपासून लाल धागे सुटतात आणि पाणी रंगलं तरी नितळ राहतं. माशाच्या कालवणातही हा नितळपणा कामी येतो. चिंचेने रस्सा दाट आणि मातकट होतो. कोकम माशाच्या चवीवर न बसता तिला उठाव देतं, म्हणून बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाचा झणका आणि कोकमाचा आंबटपणा वेगवेगळे ओळखू येतात.

कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्यामुळे बियांपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाचं फळ निराळं: कुठे साल जाड, कुठे रंग गडद, कुठे आंबटपणा तीव्र. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' हा निवडक वाण दिला. कलमांमुळे बागायतदाराला खात्रीचं पीक मिळालं, हे मोठंच काम झालं. पण परड्यातल्या, बांधावरच्या जुन्या झाडांमधली विविधता हाही तितकाच मोलाचा ठेवा आहे. व्यापाऱ्याच्या गोणीत सगळ्यांचं आमसूल एकत्र होतं आणि ती विविधता चाखायला मिळण्याआधीच बुजते.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आता पुढची पायरी गाठायला हवी: पुडीवर गावाचं नाव, हंगामाचं साल आणि पुटांची संख्या छापावी. ती वाचून निवड करणारा ग्राहक चार पैसे जास्त मोजायला कचरणार नाही, आणि बांधावरचं जुनं झाड तोडण्याआधी त्याचा मालक दोनदा विचार करील.