ख्रिस्तपुराणातील प्रश्नकर्ता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्यांपाशी आपण थांबतो. सभेत त्या म्हटल्या की टाळ्याही पडतात. पण त्याच पहिल्या ‘अवस्वरू’त आणखी एक प्रसंग आहे आणि सबंध ग्रंथाचे मर्म, आमच्या मते, तेथे आहे.

स्थळ गोव्यातील साष्टी (वसईशेजारची नव्हे). धर्मशिक्षणाच्या निमित्ताने जमलेल्यांपैकी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवितो की, आमची मागील पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का करून देत नाही? शब्द नम्र आहेत. आशय तसा नाही. तुम्ही आमच्याकडून घेतलेत, हाती काही दिले नाहीत, ही त्यातील तक्रार आहे.

काळ कोणता, हेही ध्यानात घ्यावे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. अशा दिवसांत जुन्या पुराणांची उणीव भासते असे बोलून दाखविणे सोपे नव्हते आणि ऐकणाऱ्याने दटावून गप्प केले असते, तर त्याला कोणी दोषही दिला नसता. स्टीफन्स यांनी दटावले नाही. ख्रिस्ती सिद्धांताचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्यांनी कोकणीत लिहिलेच होते. तेवढ्यावर त्यांना भागविता आले असते. पण मागणी पुराणाची होती, म्हणून त्यांनी पुराणच दिले. मागणाऱ्याच्या कानाला सरावलेली ओवी त्यांनी घेतली, श्रोते-वक्ते घेतले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापून निघाला. विशेष म्हणजे ती तक्रार त्यांनी ग्रंथातच ठेवली. पुढेही श्रोते शंका काढतात आणि गुरूला थांबून उत्तर द्यावे लागते.

येथे एक उणेपण सांगितले पाहिजे. प्रश्नकर्त्याचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते कवीच्या लेखणीतून. तो प्रत्यक्षात याहून कडवट बोलला असेल काय? शिवाय जे हिरावले गेले त्याबद्दल ग्रंथात खंत नाही. रिकामी जागा भरण्याची तळमळ तेवढी आहे. तरीही ऐकलेल्या बोलावर वर्षानुवर्षे राबणे ही लहान गोष्ट नव्हे.

आम्हांस हे अधिक जाणवते, कारण आमच्या हातून उलटे घडले आहे. धर्मग्रामाच्या एका सभेत एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की, प्रवचन घरी जाईपर्यंतही लक्षात राहत नाही. फादर काही बोलण्याआधी आम्हीच त्यांना खाली बसण्याची खूण केली. शिस्त राखली, असे त्या वेळी वाटले. त्यानंतरच्या सभांना ते आले नाहीत, आणि प्रवचनांविषयीही पुन्हा कोणी काही बोलले नाही.

‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये लोकभाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. तरी गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी ग्रंथाची हस्तलिखिते जपली आणि १९०७ ची मंगळूर आवृत्ती त्यांवरूनच सिद्ध झाली. मागून घेतलेले पुराण लोकांनी असे सांभाळले. ते मागणाऱ्याचे नाव मात्र कवीने कोठे दिलेले नाही.